चाळीस प्राण्यांची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'वाघ दिसला का?' दिसला असेल तर सहलीचे पैसे वसूल. नसेल तर समोरचा चुकचुकतो आणि विषय बदलतो. त्या माणसाने दोन दिवसांत रानकुत्र्यांची टोळी पाहिलेली असते, अस्वल पाहिलेले असते, गवा चार हातांवरून पाहिलेला असतो. पण ते सांगायला जागाच उरत नाही. वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एका वाघापायी बाकीचे सगळे रान आपल्या नजरेतून सुटते, हे मला बरीच वर्षे खटकत होते.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि गुडघेही अजून साथ देत होते. तेव्हा मी स्वतःशीच एक पैज लावली. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या एका वर्षात, महाराष्ट्राच्या हद्दीत, चाळीस प्रकारचे रानटी सस्तन प्राणी आपल्या डोळ्यांनी पाहायचे. आकडा ऐकून घरच्यांनी विचारले, 'एवढे आहेत तरी का?' प्रश्न रास्त होता. आपण नावे मोजायला बसलो तर वाघ, बिबट्या, हरीण, माकड, कोल्हा असे करता करता पंधराच्या पुढे गाडी सरकत नाही.

आणि खरी संख्या? जगात सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत. भारतात चारशेहून अधिक. यातली मौज अशी की, जगातल्या दर पाच जातींमागे एक वटवाघळाची असते आणि जवळजवळ चाळीस टक्के जाती उंदीर, खार, साळिंदर यांच्या कुळातल्या असतात. वाघ, हत्ती, गेंडा ही मोठी मंडळी या समाजात अगदीच अल्पसंख्य.

पक्षी पाहणाऱ्यांत अशा पैजा जुन्या आहेत. नोआ स्ट्रायकर या अमेरिकन तरुणाने २०१५ या एका वर्षात जगभर हिंडून ६,०४२ जातींचे पक्षी पाहिले. लगेच पुढच्या वर्षी एका डच तरुणाने, आर्यन ड्वार्सहाउसने, तो आकडा ६,८५२ वर नेला. त्यांच्यापुढे माझे चाळीस म्हणजे खारीचा वाटा. पण पक्षी दिवसा उडतो, गातो, फांदीवर येऊन बसतो. सस्तन प्राण्याचे तसे नाही. त्यांतले बहुतेक रात्रीचे. शास्त्रज्ञ याचे कारण फार मागे नेतात. डायनोसॉरच्या काळात दिवस त्या धिप्पाड प्राण्यांचा होता, आणि आपले उंदराएवढे पूर्वज रात्रीच्या आडोशाने जगले. त्या लांबलचक रात्रीची खूण अजून त्यांच्या अंगावर आहे. नाक तिखट, कान तिखट, पण रंगांची दृष्टी अधू. आपल्याला वाघ नारिंगी दिसतो. चितळाला नारिंगी आणि हिरवा यांत फरकच कळत नाही, त्यामुळे वाघ त्याच्या लेखी गवताच्याच रंगाचा. आपल्याला चितळापेक्षा रंग चांगले कळतात, पण नाकाच्या बाबतीत आपण त्याच्यापुढे जवळजवळ आंधळे. तो आपल्याला अर्धा फर्लांग आधी ओळखून निघून गेलेला असतो.

वहीच्या पहिल्या पानावर मी नियम लिहिले. प्राणी जिवंत आणि मोकळा असला पाहिजे. पिंजऱ्यातला, उपचार केंद्रातला चालणार नाही. जात नक्की ओळखता आली पाहिजे. 'काहीतरी तपकिरी पळाले' याला गुण नाहीत. त्याला हुसकावून, खायला घालून किंवा बिळाशी धूर करून पाहिलेला प्राणी बाद. पाऊलठसे, विष्ठा, पिसे-काटे यांची नोंद करायची, पण ती वेगळी. आणि मेलेला प्राणी यादीत नाही. त्याच्यासाठी वहीचे शेवटचे पान.

हे नियम आज सोपे वाटतात. शंभर वर्षांपूर्वी 'प्राणी पाहिला' याचा अर्थ 'मारला' असाच होता. आफ्रिकेतल्या ज्या 'बिग फाइव्ह'चे आजचे पर्यटक कौतुक करतात, ती यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी जाऊन मारायला सगळ्यांत धोक्याचे असे ते पाच प्राणी. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली, तिची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली. तीही बंदुका आणि सापळे घेऊनच. जमवलेली कातडी आणि कवट्या यांचा अभ्यासाला आजही उपयोग होतो, हे खरे. आता दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, आणि कायदाही आहे.

सुरुवात मी पुण्यातल्या घरापासून केली. गच्चीवरच्या खारीची पाठ दुर्बिणीतून पाहिली. रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून खारीला पट्टे आले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण बोटे तीन की पाच, हे कोणी मोजत नाही. महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन वेगवेगळ्या जातींच्या खारी आहेत. मोरीच्या कडेने चुकचुक करत पळणारी चिचुंद्री उंदीर नाहीच. ती किडे खाणाऱ्या वेगळ्याच गणातली, साळिंदर आणि उंदीर यांच्यापेक्षा ती काटेरी जाहक या प्राण्याला जवळची. नदीकाठच्या जुन्या झाडावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळे, टेकडीवरचे मुंगूस, आणि एका रात्री शेजाऱ्यांच्या कौलांवरून आंब्याच्या फांदीवर गेलेले उदमांजर. कोकणात याला कांडेचोर म्हणतात. शहराची वेस न ओलांडता वहीत पाच-सहा नावे पडली आणि चाळीस हा आकडा एकदम आटोक्यात वाटू लागला.

सिंहगडावर मात्र मी मुद्दाम हात टेकले. गडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असते की, तिथे 'कोंडाणा' हे गडाचे जुने नाव लावणारा एक उंदीर राहतो. १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले, आणि बरीच वर्षे त्याचा ठावठिकाणा म्हणून जगात फक्त सिंहगडच ठाऊक होता. तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. पण त्याला त्याच्या भाऊबंदांपासून वेगळा ओळखायचा तर पकडून, हातात घेऊन तपासावा लागतो. ते काम अभ्यासकांचे आणि परवानगीचे. म्हणून झुडपातून सरसर गेलेल्या उंदराला मी वहीत जागा दिली नाही.

ओळखण्याचा दुसरा घोळ नावांचा. लहानपणापासून आपण ज्याला 'द्राक्षे आंबट' म्हणणारा कोल्हा समजतो, तो मूळच्या गोष्टीत कोल्हा नाही, खोकड आहे. भाषांतरात कोल्हा झाला आणि तोच डोक्यात बसला. कोल्हा अंगाने मोठा, टोळीने कोल्हेकुई करणारा; खोकड मांजरापेक्षा थोडे मोठे, सडपातळ, मोठ्या कानांचे, झुपकेदार शेपटीला काळे टोक असलेले. गावोगावी एकाच प्राण्याला चार नावे आणि एकाच नावाचे दोन प्राणी. नीलगाय विदर्भात रोही होते. मारुती चितमपल्ली यांनी उभी हयात रानात घालवून ही नावे वेचली. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अशा शब्दांची एक चालती वखारच बंद झाली.

सह्याद्रीने फार आढेवेढे घेतले नाहीत. भीमाशंकरचे अभयारण्यच मुळी शेकरूसाठी. आपला हा राज्यप्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट भरतो, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस फुटांची उडी घेतो. त्याला शोधायचे तर मान वर करून चालण्यापेक्षा थांबून ऐकावे. राधानगरीला गवा, भेकर. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस जवळपास वस्ती आहे असे समजून निर्धास्त होतो.

ताडोब्यात वाघ दिसला. सव्विसावा. जिप्सींची रांग लागली होती, लोक एकमेकांना 'बसा, बसा' म्हणत होते आणि वाघ पाठ करून पाण्यात बसला होता. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

मेळघाटातली रात्र मात्र विसरता येणार नाही. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसून प्राणी मोजायचे, ही वन विभागाची जुनी पद्धत. आता तिला बहुधा 'निसर्गानुभव' म्हणतात, आणि ते नाव योग्य आहे, कारण ती शास्त्रशुद्ध गणना नाहीच. एकच सांबर रात्री तीनदा पाण्यावर आले तर वहीत तीन सांबर होतात. आणि ज्या प्राण्याला दुसरीकडे पाणी मिळाले तो कोणाच्याच वहीत येत नाही. म्हणून वाघांच्या मोजणीसाठी आता कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे तोच वाघ पुन्हा आला तर ओळखू येतो. सांबराला पट्टे नाहीत, ही सांबराची अडचण.

२३ मे २०२४. दिवसभर तापलेले दगड रात्री नऊपर्यंत ऊब सोडत होते. माझ्याबरोबर एक तरुण कोरकू वनरक्षक होता. बोलायचे नाही, खोकायचे नाही, बॅटरी लावायची नाही. पहिल्यांदा रानडुकरे आली, धसमुसळी, पाणी गढूळ करून गेली. मग बराच वेळ काहीच नाही. बारानंतर पलीकडच्या उतारावरून श्वासाचा मोठा आवाज येऊ लागला, लोहाराचा भाता चालावा तसा. अस्वल होते, पाठीवर पिल्लू घट्ट धरून बसलेले. पाणी पिताना पिल्लू पुढे घसरले, आईने मान उचलून त्याला मागे सारले. चांदण्यात एवढे स्पष्ट दिसत होते. तासाभराने काट्यांचा खुळखुळाट करत साळिंदर आले. पहाटे फटफटताना, पाणवठ्यावर आता कोणी येणार नाही असे वाटत असताना, एक छोटे हरणासारखे जनावर दबकत आले. वनरक्षकाने माझ्या मनगटावर चार बोटे टेकवली. चौसिंगा. चार शिंगांचा हा प्राणी भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठेही रानटी स्थितीत नाही. आणि तो पाहायला कोणीही जिप्सी करून जात नाही.

आता माळरानाकडे येतो. माझ्या मते या पैजेतला खरा ऐवज तिथे आहे. बारामती तालुक्यातले सुपे इथले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथे चिंकारा पाहायला मिळतो. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट. पण लांडगा, तरस, कोल्हा, खोकड यांना कुंपणातले पाच चौरस किलोमीटर पुरत नाहीत. ते राहतात मधल्या मोकळ्या माळावर, आणि त्या माळाला आपल्या कागदोपत्री शब्द आहे 'पडीक'. पडीक म्हटले की त्याचे काहीतरी भले करावेसे वाटते. कोणी तिथे प्लॉट पाडतो, कोणी खाणी काढतो. आणि अगदी सद्भावनेने कोणी चर खणून गिरिपुष्पाची झाडे लावतो. झाडे लावणे वाईट कसे, असे तुम्ही विचाराल. ज्या जमिनीवर हजारो वर्षे गवतच वाढत आले, तिथे दाट झाडी केली की चिंकाऱ्याला दूरवर दिसेनासे होते, गवत संपते, आणि उघड्यावर जगणारा प्राणी घर सोडतो. पुणे वन विभागाने अलीकडे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली, हे मला महत्त्वाचे वाटते. निदान त्या जमिनीला 'पडीक'खेरीज दुसरे काही नाव मिळाले.

लांडगा मला दाखवला एका धनगर आजोबांनी. 'हितंच व्हतं की सकाळच्याला,' असे म्हणून त्यांनी काठीने ओढ्याकडे बोट केले. अर्ध्या तासाने तिघे दिसले. दोन राखी-तपकिरी, तिसरा मात्र अंगाने फिकट पिवळसर, कान किंचित पडलेले. आता हा लांडगा की कुत्रा? हा प्रश्न नुसता वहीचा नाही. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. गावाबाहेर टाकलेला कचरा आणि कोंबड्यांचे अवशेष यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या चिंकाऱ्याची पाडसे मारतात, रोग पसरवतात, आणि लांडग्यांची संख्या रोडावली की त्यांच्यात मिसळतात. अशाने लांडगा गोळी न खाता, सापळ्यात न सापडता, हळूहळू लांडगा असायचा थांबेल. मी वहीत पहिल्या दोघांसाठी 'लांडगा' लिहिले आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. आजोबांना विचारले, लांडगे मेंढरू नेतात, राग येत नाही का? ते म्हणाले, 'नेतंय की. त्याचं त्येला.' नंतर मात्र त्यांनी मागच्या महिन्यात गेलेल्या कोकरांचा हिशेब बराच वेळ ऐकवला.

बिबट्या मी जुन्नर तालुक्यात पाहिला, कालव्याच्या भरावावर, दिवेलागणीला. दुर्बिणीची गरज नव्हती. उसात बिबट्याला लपण आहे, कुत्री-डुकरांचे खाणे आहे, पाटाचे पाणी आहे. मादी तिथेच विते, आणि त्या पिल्लांना जंगल म्हणजे ऊसच. मला वहीत आणखी एक नाव मिळाल्याचा आनंद झाला. पण माझ्याशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला रात्री एक वाजता वीज येणार होती आणि मोटार सुरू करायला त्याच उसात जायचे होते. 'तुम्ही बघाया येताय, आम्ही ते दिसू नये म्हणून बघतोय,' तो म्हणाला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. दिवसा वीज द्या, ही त्या भागातल्या लोकांची मागणी त्यामुळे मला वन्यजीवांच्या रक्षणाइतकीच निकडीची वाटते. भीतीने हैराण झालेल्या गावाला प्राणिप्रेम शिकवायला जाणे हा उद्धटपणा आहे.

त्याच उसात बिबट्याची एक चिमुकली नातलग राहते, वाघाटी. अंगावर गंजाचे डाग पडावेत तसे ठिपके. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी ती एक. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास भरते. ऊसतोडणीत तिची पिल्ले सापडतात आणि लोक 'बिबट्याची पिल्ले' म्हणून घाबरतात. अशा वेळी पिल्ले शहरात नेऊ नयेत. वन विभागाला कळवावे. पिल्ले सापडली तिथेच टोपलीत ठेवली की बहुतेक वेळा आई रात्री येऊन एकेक करून घेऊन जाते.

वर्षअखेर आकडा तेहतीसवर थांबला. चाळीस झाले नाहीत. पाणमांजर सिंधुदुर्गातल्या एका खाडीत मिळाले, खवल्या मांजर मिळाले नाही. रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खार मिळाली, चांदी अस्वल मिळाले नाही. हिशेब मांडताना दिसले की, तेहतिसांपैकी सतरा प्राणी मी अभयारण्याच्या हद्दीबाहेर पाहिले होते. गच्ची, उसाचा फड, माळ, खाडी, गडावरचे अंधारे टाके. तिथे ना तिकीट, ना वनरक्षक, ना पाटी.

राहिले वहीचे शेवटचे पान. वर्षभरात रस्त्यावर मेलेले जे प्राणी दिसले त्यांची तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड असे लिहीत गेलो. उदमांजर, ससा, रानमांजर, मुंगूस, कोल्हा, साळिंदर. एकंदर बेचाळीस नोंदी. यावर उपाय नाही असे नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उचलून घेतला आहे; सर्वांत लांब टप्पा साडेसातशे मीटरचा. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये अठरा प्रकारचे वन्यप्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले, त्यात वाघही होता. पण तो रस्ता व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे म्हणून हे झाले. सोलापूरच्या वाटेवरच्या माळासाठी असा पूल कोण मागणार?

वहीच्या पुढच्या पानांवर जागा न मिळता फक्त शेवटच्या पानावर आलेल्या दोन जाती आहेत. एक वाघाटी, आणि दुसरे खोकड. खोकडाची नोंद ९ नोव्हेंबरची, पहाटे सहाची, सोलापूर रस्त्यावरची. शेपटीचे काळे टोक तेवढे शाबूत होते. पैजेचे वर्ष संपल्यावर, जानेवारीत, मी पुन्हा कडबनवाडीला गेलो. बिळाच्या तोंडाशी ताजी माती उकरलेली होती, तिच्यावर मांजराएवढ्या पावलांचे ठसे होते. सूर्य मावळेपर्यंत शंभर पावलांवर बसून राहिलो. ठसे वेगळ्या पानावर उतरवून घेतले आहेत.